टाके खाली गोळा होतात? स्क्रू फिरवण्याआधी हे तपासा

मशीनवर बसलं, कापड फुटाखाली सरकवलं, पायडल मारलं आणि चार टाक्यांतच ‘खर्र’ असा आवाज आला. कापड पुढे जाईना. कापड दाबून धरणारा फूट उचलून ओढायला गेलं तर खालून कुणीतरी धरून ठेवल्यासारखं अडकलेलं. कसंबसं सोडवून उलटं केलं तर खाली दोऱ्याचं हे एवढं घरटं. कात्रीने कापून काढलं, पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच.

घरी शिवणाऱ्या प्रत्येकीच्या वाट्याला हा प्रकार येतो, आणि नेमका घाईच्या वेळी येतो. लग्नाच्या आदल्या दिवशी ब्लाउजची बाही जोडताना, नाहीतर गॅदरिंगच्या सकाळी पोरीच्या घागऱ्याला चुण्या घालताना. मी इचलकरंजीत घरीच शिवणक्लास घेते. क्लासातल्या मशिनांवर आणि गल्लीतल्या घराघरांतल्या मशिनांवर हा गुंता मी इतक्या वेळा सोडवला आहे की आता शेजारच्या खोलीतून आवाज ऐकूनही अंदाज येतो. आणि बहुतेक वेळा मशीन बिघडलेलंच नसतं. खाली गुंता दिसतो म्हणून बायका खालची बॉबिन केस, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या गुंडाळीची (बॉबिनची) डबी, पिळायला घेतात, आणि दोष मात्र वरच्या दोऱ्यात असतो. मग खरोखरच बिघाड होतो, कारण चांगला बसलेला स्क्रू आपणच हलवलेला असतो.

म्हणून कळकळीने सांगते, खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसाही लागत नाही.

आधी लक्षण नीट ओळखा

‘मशीन नीट चालत नाही’ एवढ्यावरून काही कळत नाही. टीप नेमकी कशी दिसते ते पाहा.

कापडाच्या खालच्या बाजूला सैल फासे लोंबतात आणि वरून टीप बरी दिसते: वरचा दोरा सैल आहे, किंवा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, चकत्यांत बसलेलाच नाही. घरटं होतं ते याचंच वाढलेलं रूप.

वरच्या बाजूला दोरा सरळ तारेसारखा पडलाय आणि खालच्या दोऱ्याचे ठिपके वर डोकावतात: हे उलट आहे. वरचा दोरा फार घट्ट, नाहीतर खालचा फार सैल.

मध्येच दोन-तीन टाके गळतात, एक लांबच लांब टाका पडतो, पुन्हा नीट चालतं: सुईकडे पाहा.

वरचा दोरा पिंजून, केसाळ होऊन तुटतो: सुईचं नेढं, दोऱ्याचा दर्जा किंवा वाटेतली एखादी खरखरीत कड. तोच दोरा सटकन, स्वच्छ तुटत असेल तर कुठेतरी तो अडकतोय किंवा टेन्शन फार आहे.

गुंता फक्त सुरुवातीच्या टाक्यांत होतो, पुढे टीप सुंदर येते: मशीनमध्ये काहीच दोष नाही, सुरुवात करण्याची पद्धत बदलायची आहे.

चाक हाताने फिरवतानाच जड लागतं किंवा एका ठरावीक जागी अडतं: बॉबिन केसभोवतीच्या फिरत्या भागात, म्हणजे शटलमध्ये, दोरा, कचरा किंवा सुकलेलं तेल.

ओळखायला एक सोपी युक्ती आहे. वर लाल रीळ लावा, बॉबिनमध्ये पांढरा दोरा ठेवा, आणि जुन्या चादरीच्या दुहेरी तुकड्यावर वीतभर टीप मारा. खालच्या बाजूला लाल दिसला तर वरचा दोरा सैल. वरच्या बाजूला पांढरा दिसला तर वरचा घट्ट. एकाच रंगाचे दोरे लावून तासभर डोळे ताणण्यापेक्षा हे दोन मिनिटांत होतं. क्लासात मी नव्या मुलींना पहिले आठ दिवस दोन रंगांवरच शिवायला लावते.

दोरा खाली का साठतो

हे एकदा समजलं की पुढच्या सगळ्या तपासण्या पाठ कराव्या लागत नाहीत. हातसुईचं नेढं मागच्या टोकाला असतं, मशीनच्या सुईचं अणीजवळ. अणीजवळ नेढं असलेली सुई आणि दुसरा दोरा घेऊन ये-जा करणारं शटल, या जोडीचं पेटंट अमेरिकेत इलायस हाव यांनी १८४६ साली घेतलं. आपल्या घरातलं काळं मशीन आजही त्याच तत्त्वावर टाका घालतं.

सुई खाली जाऊन किंचित वर येते तेव्हा तिच्या पाठीमागे दोऱ्याचा छोटा फासा फुगतो. शटलचं टोक त्या फाशात शिरतं, फासा मोठा करतं आणि बॉबिन केसच्या भोवतीने फिरवून आणतं. मग वरचा टेक-अप लिव्हर, म्हणजे तोंडाशी सतत वरखाली होणारी ती दांडी, जास्तीचा दोरा परत वर ओढून घेते. टाका कापडाच्या जाडीत मधोमध आवळला जातो. दर टाक्याला एवढा लांब दोरा खाली जातो आणि परत येतो. तो परत आला नाही तर राहणार कुठे? खालीच. घरटं म्हणजे वर परत न आलेला दोरा. म्हणून शोध वरून सुरू करायचा.

गुंता आधी नीट काढा

कापड जोर लावून ओढू नका. ओढलं की सुई वाकते, आणि वाकलेली सुई पुढच्या फेरीत शटलला किंवा सुईखालच्या भोकाच्या धातूच्या पट्टीला घासते. चाक हाताने आपल्याकडे फिरवून सुई वर घ्या, फूट उचला, बॉबिन केस निघत असेल तर काढा. मग कापड आणि पट्टी यांच्या फटीत बारीक कात्री घालून दोरे कापा. राहिलेले तुकडे चिमट्याने एकेक वेचून काढा. विजेचं मशीन असेल तर हे सगळं करण्याआधी प्लग काढून ठेवा. पायडलवर चुकून पाय पडला तर सुई बोटातून आरपार जाते.

दोरा पूर्ण काढा आणि फूट वर ठेवून पुन्हा ओवा

‘मी नीटच ओवलाय’ असं वाटत असलं तरी काढा. रिळापासून सगळा.

फूट वर का, तर फूट वर असतो तेव्हा टेन्शनच्या चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि दोरा त्यांच्या मध्ये खोल बसतो. फूट खाली असताना त्या घट्ट मिटलेल्या असतात. दोरा कडेवरच राहतो, त्याला कसलीच ओढ मिळत नाही, आणि पहिल्याच टीपेला घरटं होतं. मी सोडवलेल्या गुंत्यांचं हे सगळ्यात मोठं कारण.

मग रीळ, वरची कडी, चकत्या, त्यांच्या शेजारची ती बारीक तारेची स्प्रिंग, टेक-अप लिव्हरचं भोक, खालच्या कड्या आणि शेवटी नेढं, असा क्रम. लिव्हर आणि स्प्रिंग या दोन जागा हमखास सुटतात. नव्या झिगझॅग मशिनांत लिव्हर खाचेच्या आत लपलेला असतो. ओवताना चाक फिरवून तो सगळ्यात वर आणून दिसला नाही, तर दोरा त्याच्या बाजूने निघून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. लिव्हरच चुकला तर खाली गेलेला दोरा परत ओढायला कुणीच उरत नाही.

ओवून झालं की परीक्षा घ्या. फूट वर असताना सुईजवळचा दोरा ओढा, तो सहज यायला हवा. फूट खाली करून ओढा, आता हाताला चांगली ओढ लागली पाहिजे, सुई किंचित वाकायला लागेल इतकी. दोन्ही वेळेला सारखाच सैल येत असेल तर दोरा चकत्यांत नाही, किंवा चकत्यांमध्ये जुन्या दोऱ्याचा तुकडा, धुळीचा पापुद्रा अडकला आहे. जाड दोऱ्याला गाठ मारून ती चकत्यांमधून दोन-तीनदा फिरवली की तो निघून येतो. हे करताना फूट वर हवा.

नेढं दिसत नसेल तर फुटामागे पांढऱ्या कागदाचा तुकडा धरा, आणि दोऱ्याचं टोक तिरकं कापा. वय झालेल्या डोळ्यांना याने फार आधार होतो.

सुरुवात करताना दोन्ही टोकं धरा

फक्त सुरुवातीला गुंता होत असेल तर उपाय इथेच संपतो. टेक-अप लिव्हर सगळ्यात वर आणा. दोन्ही दोऱ्यांची टोकं चांगली वीतभर लांब ठेवून फुटाखालून मागे न्या. पहिले तीन टाके पडेपर्यंत ती डाव्या हाताने हलकी धरून ठेवा, ओढू नका. सैल टोकं पहिल्या फेरीतच खाली खेचली जातात आणि शटलमध्ये गुंडाळतात. लिव्हर खाली असताना सुरुवात केली तर तो वर जाताना दोरा नेढ्यातूनच ओढून काढतो, ही दुसरी कटकट.

माझी आवडती युक्ती चिंधीची आहे. दुमडलेल्या चिंधीवर चार टाके घालायचे आणि न थांबता खऱ्या कापडावर जायचं. टीप संपली की पुन्हा एका चिंधीवर उतरायचं. दोरा वाया जात नाही, टोकं धरायची आठवण ठेवावी लागत नाही, आणि जॉर्जेटचा कोपरा पट्टीच्या भोकात ओढला जात नाही. शिफॉन-जॉर्जेट तरीही घसरत असेल तर खाली पातळ कागदाची पट्टी ठेवून शिवा आणि नंतर कागद हलकेच फाडून काढा.

चाक उलटं तर फिरत नाही ना?

पायाच्या मशीनवर नव्याने बसणाऱ्यांची ही अडचण. चाक नेहमी आपल्याकडे फिरलं पाहिजे. पायपट्टी चुकीच्या क्षणी दाबली की ते उलटं फिरतं, शटल फासा पकडण्याऐवजी सोडून देतं, आणि एका फेरीत दोरा गुंततो किंवा तुटतो. दर वेळी थांबून पुन्हा सुरू करताना उजव्या हाताने चाक आपल्याकडे ढकला आणि मग पाय चालवा. जमत नसेल तर दोरा काढून, फूट वर ठेवून, नुसतं मशीन रोज दहा मिनिटं चालवा. आठवड्याभरात पायाला लय सापडते. चामडी पट्टा ढिला झाला असेल तर पाय जातो पण चाक मागेपुढे होतं. पट्ट्याचं टोक थोडं कापून तार पुन्हा अडकवली की झालं.

सुई बदला. खरंच बदला.

टाके गळण्याच्या तक्रारीत मी दुसरं काही पाहण्याआधी नवी सुई लावते. पाकीट स्वस्त मिळतं, आणि तरी घराघरांत एकच सुई मोडेपर्यंत वापरतात. साधारण आठ तासांच्या शिलाईनंतर सुईची अणी बोथट होते. डोळ्यांना ती चांगलीच दिसते, पण कापडात शिरताना ‘टप्‌ टप्‌’ आवाज यायला लागतो. बोथट सुई कापड भोसकत नाही, खाली ढकलते. मग फासा नीट फुगत नाही आणि शटलचं टोक रिकामंच निघून जातं. पावसाळ्यात उघड्यावर राहिलेल्या सुईवर गंजाचे बारीक ठिपके येतात, तेही दोरा पिंजतात.

वाक तपासायला सुईची सपाट बाजू आरशावर टेकवून ठेवा आणि डोळ्यांच्या रेषेत पाहा. सुई आणि काच यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी दिसली पाहिजे. अणी तपासायला जुन्या रेशमी ओढणीच्या तुकड्यातून सुई ओढा. धागा खेचला गेला तर सुई टाकून द्या.

आता बसवण्याबद्दल, कारण इथे फार चुका होतात. घरगुती मशीनच्या सुईच्या वरच्या जाड भागाला एक सपाट बाजू असते. दुसऱ्या बाजूने नेढ्यापर्यंत उतरणारी लांब खाच असते. दोरा नेहमी लांब खाचेच्या बाजूने आत जातो आणि सपाट बाजूने बाहेर येतो. खाच का, तर सुई कापडात शिरताना दोरा त्या खाचेत दडून बसतो आणि घासला जात नाही. फासा फुगतो तो सपाट बाजूला, आणि शटलचं टोकही तिथेच येतं. सुई उलटी बसली की शटलला फासा मिळतच नाही. पुढून बॉबिन घालायच्या झिगझॅग मशीनमध्ये सपाट बाजू मागे राहते आणि दोरा पुढून मागे ओवतात. काळ्या सरळ मशीनमध्ये सुईची सपाट बाजू मागे नसते, डावीकडे किंवा उजवीकडे येते. सुईजवळची शेवटची कडी ज्या बाजूला आहे त्या बाजूने ओवायचं. पुस्तिकेतलं चित्र असेल तर त्यावर विश्वास ठेवा. सुई पार वर टेकेपर्यंत ढकलून मगच स्क्रू आवळा. दोन-तीन मिलिमीटर खाली राहिली तरी टाके गळतात.

आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी शहरात मशीन दुरुस्तीला नेलं होतं. शटल बदललं म्हणून चांगले पैसे घेतले, घरी आणलं तर टाके तसेच गळत होते. मी पाहिलं तर सुई उलटी होती. सरळ केली आणि त्याच संध्याकाळी त्यांनी नातवाचं झबलं पूर्ण केलं. त्या पैशांचं मला आजही वाईट वाटतं.

दुकानात सुई मागताना पाकिटावर ‘एचए×१’, ‘१५×१’ किंवा ‘१३०/७०५ एच’ असं लिहिलेलं पाहा. ही घरगुती, सपाट बाजूची सुई. गोल दांड्याची ‘डीबी×१’ कारखान्यांतल्या आणि टेलरकडच्या वेगवान मशिनांसाठी असते. ती आपल्या मशीनमध्ये घुसडली जाते खरी, पण टाका धरत नाही.

नंबर कापडाप्रमाणे. शिफॉन, जॉर्जेट, तलम रेशीम यांना ९ किंवा ११. रुबिया आणि अस्तराचा ब्लाउज ११ किंवा १४. पॉपलीन, शर्टिंग, चादरी १४. सूटिंग, जाड पडदे १६. जीन्स, कॅनव्हास १६ ते १८. लेगिंग, टी-शर्ट असं ताणणारं कापड टाके गाळत असेल तर नंबर बदलून उपयोग नाही, तिथे गोल अणीची बॉल पॉइंट सुई लागते. विणलेल्या कापडाचे फासे ती बाजूला सारते, साधी सुई त्यांना भोसकते. पैठणीच्या काठाला नेहमी नवी, बारीक सुई. जरीत बोथट सुई गेली की तार उपसून येते. टिकल्या-मणी असतील तर शिवणीच्या रेषेतले आधी काढून घ्या.

जीन्सच्या घडीवर मशीन अडखळतं तेव्हा सुईला दोष देऊ नका. घडीवर चढताना फूट मागे कलतो, कापड दबत नाही आणि टाका सुटतो. फुटाच्या मागच्या भागाखाली पुठ्ठ्याची दुहेरी घडी ठेवा म्हणजे तो सपाट राहतो.

दोरा आणि बॉबिन

दोन्ही हातांत वीतभर दोरा धरून झटका द्या. सहज तुटला तर त्या रिळावर शिवू नका. आईच्या, सासूच्या डब्यातली जुनी सुती रिळं पाहून मन भरून येतं, पण वर्षानुवर्षं पडून राहिलेला दोरा कमकुवत होतो. त्याचा उपयोग कच्च्या टाक्यांना करा. रिळाच्या कडेला खाच असेल तर दर फेरीला दोरा तिथे अडकतो आणि टेन्शन मध्येच वाढतं. ती बाजू खाली करून लावा. वर आणि खाली शक्यतो एकाच जाडीचा दोरा असू द्या.

बॉबिन हाताने भरू नका, मशीनवर भरा, आणि काठोकाठ भरू नका. एका बाजूला ढीग, दुसरीकडे खड्डा अशी बॉबिन झटके देत सुटते. जुन्या दोऱ्यावर नवा दोरा गुंडाळण्याची सवय मोडा. प्लॅस्टिकच्या बॉबिनला बारीक तडा गेला असेल, धातूच्या बॉबिनची कड वाकली असेल, तर ती फेकून द्या. आणि बॉबिन मशीनसोबत आलेल्या मापाचीच हवी. दिसायला सारखी पण किंचित बुटकी बॉबिन केसमध्ये हलत राहते आणि गुंता करते.

बॉबिन केसमध्ये दोरा खाचेतून पोलादी पट्टीच्या खाली गेला पाहिजे. मग दोऱ्याला धरून बॉबिन केस हवेत लोंबती सोडा. आपोआप घसरत खाली गेली तर दोरा सैल. हाताला हलका झटका दिल्यावर दोन-चार सेंटिमीटर उतरून थांबली तर उत्तम. झटक्यानेही हलली नाही तर घट्ट, किंवा पट्टीखाली दोऱ्याची लव साठली आहे. कागदाचा कोपरा पट्टीखालून फिरवला की ती निघते. ही झटक्याची परीक्षा बॉबिन केस बाहेर निघणाऱ्या मशिनांसाठी. वरून बॉबिन टाकायच्या मशीनमध्ये दोरा खाचेतून नीट गेला आहे ना एवढंच पाहा.

झाडून काढा, मग तेल

आमच्या गावात यंत्रमागांमुळे हवेतच कापसाचे तंतू असतात, त्यामुळे मशीनचा खालचा भाग महिन्याभरात भरतो. पण कुठल्याही गावी सुती आणि फरचं कापड शिवलं की दात्यांच्या, म्हणजे कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या, मध्ये पांढरी गादी तयार होते. तिच्यामुळे दाते पुरेसे वर येत नाहीत, कापड सरकत नाही आणि सगळे टाके एका जागी पडतात. घरट्याचं हेही एक कारण, आणि त्याचा टेन्शनशी काही संबंध नाही.

सुई काढा, पट्टीचे स्क्रू सोडवून पट्टी उचला, जुन्या टूथब्रशने दाते साफ करा. तोंडाने फुंकू नका. फुंकरीत ओल असते आणि धूळ आणखी आत जाते. मग बॉबिन केस काढा. तिच्या मागे शटल असतं. पुष्कळ मशिनांत ते दोन खिट्ट्या बाजूला सारल्या की कड्यासकट निघतं. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. कुठला भाग कुठे होता हे दहा मिनिटांनी आठवत नाही. शटलच्या मागे अडकलेला दोऱ्याचा इंचभर तुकडा पूर्ण मशीन जड करू शकतो.

तेल फक्त शिलाई मशीनचं, पातळ आणि पांढरं. खोबरेल नको, एरंडेल नको, स्वयंपाकाचं तर मुळीच नको. ते काही दिवसांत चिकट होतं, धूळ धरतं, आणि एका पावसाळ्यानंतर मशीन गूळ घातल्यासारखं फिरतं. शटल जिथे घासत फिरतं त्या गोल कडेवर एकच थेंब, वरच्या भोकांत एकेक थेंब. दोरा न ओवता दोन मिनिटं चालवा, मग चिंधीवर टिपा मारत राहा, डाग पडायचे थांबेपर्यंत. काही नव्या मशिनांना घरी तेल घालायचं नसतं. तसं पुस्तिकेत लिहिलं असेल तर घालू नका.

आता, आणि आत्ताच, टेन्शन

इथवर सगळं केलं आणि तरी लाल-पांढऱ्या परीक्षेत रंग डोकावतोय, तर वरची टेन्शनची चकती किंवा नट फिरवा. आधी सध्याचा आकडा लिहून ठेवा. आकडे नसतील तर नटावर आणि शेजारी पेन्सिलने खूण करा. पाव फेरा फिरवा, टीप मारा, पाहा. खाली लाल फासे असतील तर घट्ट करा, वर पांढरे ठिपके असतील तर सैल. एका वेळी एकच बदल. टेन्शनही बदललं, सुईही बदलली आणि दोराही, तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही. तलम कापडाला थोडं सैल लागतं, नाहीतर शिवण चुणते.

बॉबिन केसचा तो बारीक स्क्रू शक्यतो हलवू नका. झटक्याची परीक्षा स्पष्टपणे चुकत असेल तरच घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतका फिरवा, आणि तोही पांढऱ्या टॉवेलवर ठेवून. तो स्क्रू फरशीवर पडला तर सापडत नाही.

कड खरखरीत आहे का

सुई कधी पट्टीवर आपटून मोडली असेल तर भोकाच्या कडेला ओरखडा उठतो. जुन्या नायलॉन मोज्याचा तुकडा भोकाच्या कडेवरून आणि शटलच्या टोकावरून फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे दोष. पट्टी नवी घेणं सोपं आणि स्वस्त आहे, घ्या. शटलचं टोक मात्र घरी कानसू नका. ते किंचितही आखूड झालं तर फासा पकडत नाही, मग नवं शटलच लागतं.

इथे थांबा, मेकॅनिकला बोलवा

नवी, योग्य नंबरची, नीट बसवलेली सुई असूनही साध्या सुती कापडावर टाके गळतात, तर सुई आणि शटल यांची वेळ चुकली आहे. सुई खालून वर यायला लागते त्या नेमक्या क्षणी शटलचं टोक तिच्या मागून जायला हवं. जाड कापडावर जोर लावल्याने, मोठा गुंता ओढल्याने सुईची दांडी सरकते आणि हा मेळ तुटतो. तो बसवायला अनुभवी हात लागतो. अंदाजाने स्क्रू सोडवाल तर मूळ खूणही जाईल.

सुई खाली जाताना ‘टक’ असा धातूवर धातूचा आवाज येतो, तर एकही टाका आणखी मारू नका. चाक साफ करून, तेल घालूनही हलत नसेल तर बळ लावू नका. मोटरला जळका वास, ठिणग्या, मशीनच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या, यांपैकी काहीही असेल तर प्लग काढा आणि दुरुस्त होईपर्यंत लावू नका. काळ्या मशीनला नंतर बसवलेल्या मोटरला तीन पिनांचा प्लग आणि अर्थिंग आहे ना, हे तेव्हाच इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. पडद्यावर आकडे दाखवणारं मशीन असेल आणि वॉरंटी चालू असेल तर सुई, दोरा, बॉबिन आणि दात्यांची सफाई यापलीकडे काही उघडू नका.

मेकॅनिककडे जाताना लाल-पांढऱ्या दोऱ्याची ती बिघडलेली टीप कापडासकट घेऊन जा. तुम्ही वापरता ती सुई, तेच रीळ, तीच बॉबिनही न्या. काय काय करून पाहिलं ते सांगा, म्हणजे त्याच गोष्टींचे पैसे पुन्हा द्यावे लागत नाहीत. भाग बदलला तर जुना भाग मागून घ्या. आणि मशीन परत घेताना तिथेच बसून, तुमच्याच दोऱ्याने, एका पातळ आणि एका जाड कापडावर वीतभर टीप मारून, दोन्ही बाजूंनी उलटून पाहा.